हदसचे झुडूप आणि चार धर्मांचे वैद्य

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील पंचावन्नावा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाचा आहे. बंदिवासातून परतणाऱ्या लोकांना आनंदाचे आश्वासन देऊन तो अध्याय संपतो, आणि त्याच्या अगदी शेवटी, काटेरी झाडोऱ्याच्या जागी उगवणाऱ्या एका सुवासिक झुडपाचा उल्लेख येतो. हिंदी आणि मराठी भाषांतरांत त्या झुडपाला ‘मेंदी’ म्हटलेले आढळते. साहजिकच वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लग्नघरातील रंगलेले हात उभे राहतात. परंतु मूळ हिब्रू शब्द आहे ‘हदस’, आणि हदस म्हणजे आपली मेंदी नव्हे. हात रंगविणाऱ्या मेंदीला हिब्रूत ‘कोफर’ असे वेगळे नाव असून तिचा उल्लेख ‘गीतरत्ना’त स्वतंत्रपणे आला आहे. हदस म्हणजे इंग्रजीत ज्याला मर्टल म्हणतात ते भूमध्य समुद्राकाठचे सदाहरित झुडूप होय.

यासाठी भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. मर्टल आपल्या रानात उगवत नाही. इंग्रजी अमदानीत ते येथील बागांत कुंपणासाठी लावले गेले, तेव्हा त्याची बारीक, दाट पाने पाहून लोकांनी त्याला ‘विलायती मेंदी’ हे नाव दिले. नाव नसलेल्या वनस्पतीला जवळच्या वनस्पतीचे नाव देणे ही जगभरची रीत आहे. अशा गोंधळाने पवित्र वचनाचा आशय फारसा बिघडत नाही. औषधाचे मात्र तसे नाही. चुकीच्या नावाने चुकीचे झाड हाती आले, तर रोग्याच्या जिवाशी गाठ पडते. म्हणूनच मर्टलच्या औषधी गुणांचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या नावाचा इतिहास आहे. ते नाव जपून पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम कोणी केले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम झुडपाची ओळख करून घेऊ. मर्टल साधारणपणे पुरुषभर ते दोन पुरुष उंच वाढते. पाने समोरासमोर, टोकदार, चकचकीत आणि दीड-दोन इंच लांब असतात. पान उजेडाकडे धरून पाहिले, तर त्यात सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी होत. पान चुरगळताच येणारा वास त्यांतलाच. उन्हाळ्यात पाच पाकळ्यांची पांढरी फुले येतात आणि त्यांच्या मधोमध पुंकेसरांचा भरगच्च झुबका असतो. पुढे निळसर काळी, वाटाण्याएवढी फळे धरतात. १७५३ साली लिनियसने या झुडपाला ‘मिर्टस कम्युनिस’ हे शास्त्रीय नाव दिले, आणि त्याच्यावरून एका मोठ्या वनस्पतिकुलाचे नाव ‘मिर्टेसी’ असे पडले. आपल्या अंगणातील जांभूळ, पेरू आणि जाम, मसाल्याच्या डब्यातील लवंग आणि रस्त्याकडेची निलगिरी ही सारी याच कुलातील. जाम किंवा जांभळाचा मोहोर ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला मर्टलच्या फुलातील पुंकेसरांचा झुबका वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

जुन्या करारात हे झुडूप मोजक्याच ठिकाणी येते, पण प्रत्येक ठिकाणी ते शुभ आहे. नहेम्याच्या ग्रंथात बंदिवासातून परतलेले लोक मंडपांच्या सणासाठी डोंगरावर जाऊन जैतून आणि खजुरीबरोबर हदसच्या डहाळ्याही आणतात. जखऱ्या संदेष्ट्याला दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ५१९ च्या सुमारास, जो दृष्टान्त झाला त्यात तांबड्या घोड्यावर बसलेला स्वार हदसच्या झुडपांमध्ये उभा असलेला दिसतो. एस्तेर राणीचे हिब्रू नाव हदस्सा होते, आणि ते याच झुडपावरून आले. यहुदी लोक आजही मंडपांच्या सणात हाती धरावयाच्या चार वनस्पतींमध्ये हदसची डहाळी घेतात. तीही कोणतीही चालत नाही. एकेका पेरावर तीन-तीन पाने सारख्या पातळीवर फुटलेली डहाळी निवडून घ्यावी लागते. धर्मविधीसाठी का होईना, पाने मोजून झुडूप ओळखण्याची ही शिस्त शतकानुशतके टिकली आहे.

औषध म्हणून मर्टलची सविस्तर नोंद आपल्याला ग्रीक आणि रोमन ग्रंथांत मिळते. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातील रोमन लेखक काटो याने शेतीवरील आपल्या पुस्तकात काळ्या मर्टलची फळे सावलीत सुकवून त्यांचे आसव कसे करावे ते सांगितले असून, अपचनावर आणि कुशीतल्या दुखण्यावर ते गुणकारी असल्याचे म्हटले आहे. पहिल्या शतकातील प्लिनी तर एक मौजेची गोष्ट सांगतो. मिरी ठाऊक होण्यापूर्वी रोमन स्वयंपाकात मिरीची जागा मर्टलच्या सुक्या फळांकडे होती. आपल्या मलबारच्या मिरीने मर्टलला रोमच्या स्वयंपाकघरातून हुसकावले, असे म्हणावयास हरकत नाही. वैद्याच्या पेटीतून मात्र ती त्याला हुसकावू शकली नाही.

त्या पेटीची खरी यादी डायोस्कोरिडीस या वैद्याने केली. हा किलिकिया प्रांतातील अनाझार्बस या गावचा. संत पौलाचे तार्सस त्याच प्रांतातले, काळही जवळजवळ तोच, आणि आपला ग्रंथ डायोस्कोरिडीसने ज्या वैद्याला अर्पण केला तोही तार्ससचाच. पाच भागांच्या या ग्रंथात त्याने शेकडो औषधी द्रव्यांचे वर्णन केले. मर्टलविषयी तो सांगतो की, थुंकीतून रक्त पडणाऱ्यास आणि मूत्राशयाच्या जळजळीवर त्याची फळे द्यावीत. वाहत्या व्रणांवर आणि आवेवर पाने वापरावीत. काख आणि जांघेतील घामावर सुक्या पानांची पूड लावावी. काढ्याने केस काळे करावेत, केसांतील कोंडा घालवावा आणि केस गळणे थांबवावे. विंचवाच्या दंशावर द्राक्षारसाबरोबर फळांचा रस द्यावा, असेही त्याने म्हटले आहे.

ही यादी वरवर पाहता विस्कळीत वाटते, परंतु नीट पाहिले तर तिच्यातील बहुतेक उपायांमागे एकच गुण आहे. जे वाहते ते थांबविणे, जे सैल झाले ते आवळणे. याला आपल्याकडे तुरटपणा म्हणतात. मर्टलच्या पानांत आणि फळांत टॅनिन नावाचे द्रव्य भरपूर असते. ते कातडीतील आणि आतड्याच्या अस्तरातील प्रथिनांना बांधून घट्ट करते, त्यामुळे स्राव कमी होतो. आपल्याकडे बाभळीची साल किंवा हिरडा याच कामी येतो, आणि चामडे कमावण्यासाठीही तीच द्रव्ये वापरतात. डायोस्कोरिडीसला टॅनिनचे नाव ठाऊक नव्हते, पण जिभेला जाणवणाऱ्या तुरटपणावरून त्याच्या काळच्या वैद्यांनी त्या द्रव्याचे काम अचूक हेरले होते.

पुढे रोमचे साम्राज्य पश्चिमेत मोडकळीस आले, तेव्हा या ज्ञानाचे काय झाले, हा आमच्या विषयाचा गाभा आहे. मर्टल हे ग्रीकांच्या ॲफ्रोडायटी आणि रोमनांच्या व्हीनस या देवतांचे आवडते झुडूप मानले जाई. रक्तपात न करता विजय मिळविणाऱ्या रोमन सेनापतीच्या मस्तकी मर्टलचा मुकुट घालीत. मूर्तिपूजकांच्या देवतेशी इतकी जवळीक असलेली वनस्पती आणि तिचे गुण सांगणारा मूर्तिपूजकाचा ग्रंथ ख्रिस्ती मठांनी दूर लोटला असता, तर फारसे नवल वाटले नसते. पण तसे झाले नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत आजाऱ्यांची सेवा प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा समजून करावी असे लिहिले. त्याच शतकात दक्षिण इटलीत व्हिव्हेरियम नावाचा मठ स्थापणाऱ्या कसिओदोरसने आपल्या मठवासीयांना औषधी वनस्पतींचा अभ्यास करण्यास सांगितले, आणि ज्यांना ग्रीक ग्रंथ समजत नाहीत त्यांनी डायोस्कोरिडीसच्या वनस्पतिग्रंथाचा आधार घ्यावा असे नाव घेऊन सुचविले. आजाऱ्याला बरे वाटावे हा हेतू असेल, तर औषध सांगणारा कोणत्या देवाला भजत होता हा प्रश्न त्यांना आड आला नाही.

पूर्वेकडे हेच काम अधिक मोठ्या प्रमाणावर झाले. नवव्या शतकात बगदाद ही अब्बासी खलिफांची राजधानी होती. तेथे हुनैन इब्न इसहाक हा ग्रीक ग्रंथांचा नामांकित भाषांतरकार राहत असे. तो पूर्वेकडील सिरियाक परंपरेचा ख्रिस्ती वैद्य. त्याचा मृत्यू ८७३ साली झाला. डायोस्कोरिडीसचा ग्रंथ इस्तिफान इब्न बासिल याने ग्रीकमधून अरबीत आणला आणि हुनैनने तो तपासून दुरुस्त केला. या भाषांतरात एक अडचण राहून गेली. ज्या वनस्पतींची अरबी नावे इस्तिफानला सापडली नाहीत, त्यांची ग्रीक नावेच त्याने अरबी लिपीत तशीच ठेवली. पुढे कधीतरी कोणी जाणकार ती उलगडील, अशी त्याची आशा होती. मर्टलचे दैव बरे की सिरियाक भाषेत त्याला ‘आसा’ आणि अरबीत ‘आस’ असे नाव आधीपासून होते. दीडशे वर्षांनी इब्न सिनाने (९८०–१०३७) आपल्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथाच्या दुसऱ्या भागात आसचे वर्णन केले, तेव्हा जुलाब, घाम आणि रक्तस्राव थांबविणारे व केसांना बळ देणारे द्रव्य म्हणूनच त्याची गणना केली. ग्रीक तुरटपणा अरबी भाषेत जसाच्या तसा उतरला होता.

परंतु अरबी जगाच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनमध्ये, नावांनी पुन्हा घोटाळा केला. अरबीत ‘रैहान’ म्हणजे सुगंधी वनस्पती. बगदादकडे हा शब्द सब्जाच्या जातीच्या झाडाला रूढ होता, तर स्पेनमध्ये आणि उत्तर आफ्रिकेत लोक मर्टललाच रैहान म्हणत. एकाच शब्दाने पूर्वेच्या वैद्याला एक झाड आठवे आणि पश्चिमेच्या वैद्याला दुसरे. इस्तिफानने न उलगडलेल्या ग्रीक नावांची भर त्यात पडली. कोर्दोबाच्या वैद्यांपाशी ग्रंथ होता, पण त्यातील कितीतरी झाडे कोणती हे सांगणारा कोणी नव्हता.

यातून वाट कशी निघाली, ती हकिगत कोर्दोबाच्याच इब्न जुल्जुल या मुसलमान वैद्याने लिहून ठेवली आहे. दहाव्या शतकाच्या मध्यावर कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटाने कोर्दोबाचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याला भेटी पाठविल्या. त्यांत डायोस्कोरिडीसच्या ग्रंथाची ग्रीक भाषेतील सुंदर सचित्र प्रत होती. ग्रंथ आला, पण कोर्दोबातील ख्रिस्ती लोकांतही जुनी ग्रीक भाषा वाचू शकणारा कोणी आढळेना. तेव्हा खलिफाने सम्राटाकडे जाणकार माणसाची मागणी केली, आणि ९५१ साली निकोलस नावाचा मठवासी कोर्दोबात येऊन पोहोचला. खलिफाच्या दरबारी हसदाई इब्न शाप्रूत हा यहुदी वैद्य होता. त्याने निकोलसशी मैत्री केली. सिसिलीचा एक ग्रीक जाणणारा मुसलमान आणि शहरातील इतर वैद्यही त्यांच्यात सामील झाले. ग्रीक नाव वाचावयाचे, ते कोणत्या झाडाचे याचा एकत्र बसून शोध घ्यावयाचा आणि त्याचे अरबी नाव ठरवावयाचे, असे ते काम चालले. हळूहळू नावांवरील शंका फिटत गेल्या आणि अगदी थोड्याच वनस्पती अनोळखी उरल्या.

आम्हांला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मूर्तिपूजक ग्रीकाचा ग्रंथ, ख्रिस्ती सम्राटाची भेट, ख्रिस्ती मठवासी, यहुदी वैद्य, मुसलमान खलिफा आणि मुसलमान वैद्य! यांच्यापैकी कोणीही आपला धर्म सोडला नाही, की दुसऱ्याने सोडावा म्हणून अडून बसला नाही. ज्या काळी ख्रिस्ती आणि मुसलमान राज्यांत सीमेवर युद्धेही होत होती, त्याच काळी हे लोक एका शहरात बसून झाडांची नावे जुळवीत होते. त्यांचे मतैक्य साध्या गोष्टीवर होते : रोग्याला द्यावयाची वनस्पती नेमकी कोणती हे आधी ठरले पाहिजे.

पुढच्या शतकात ज्ञानाचा हा ओघ उलट्या दिशेने वाहिला. उत्तर आफ्रिकेहून इटलीत आलेला कॉन्स्टँटाईन हा विद्वान अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात संत बेनेडिक्ट यांनी स्थापिलेल्या मोंते कसिनोच्या मठात मठवासी झाला, आणि तेथे त्याने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये उतरविले. त्याला आश्रय देणारे मठाधिपती देसिदेरिउस पुढे तिसरे व्हिक्टर या नावाने पोप झाले. जवळच्या सालेर्नोच्या वैद्यांनी ते ग्रंथ हाती घेतले. ग्रीकांकडून सिरियाक ख्रिस्ती लोकांकडे, त्यांच्याकडून अरबांकडे आणि अरबांकडून पुन्हा ख्रिस्ती मठाकडे, अशी औषधी ज्ञानाची प्रदक्षिणा पुरी झाली. १५४४ साली मात्तिओली या इटालियन वैद्याने डायोस्कोरिडीसवरील आपले भाष्य छापले, तेव्हा मूळ ग्रंथाला जवळजवळ पंधराशे वर्षे होत आली होती.

स्पेनच्या भाषेत या इतिहासाची खूण आजही टिकून आहे. तेथे मर्टलला एक नाव आहे ‘मिर्तो’, ते लॅटिनमधून आलेले. दुसरे आहे ‘अर्रायान’, ते अरबी ‘रैहान’वरून आलेले. ग्रानादाच्या अलहांब्रा राजवाड्यातील एका प्रसिद्ध चौकात पाण्याच्या लांबट हौदाच्या दोन्ही बाजूंना मर्टलची कुंपणे आहेत, आणि त्या चौकाचे नावच ‘अर्रायानांचा चौक’ असे आहे. पूर्व किनाऱ्यावरील व्हॅलेन्सियात मात्र त्याला ‘मुर्ता’ म्हणतात, आणि ख्रिस्तशरीराच्या सणाच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर मुर्ताच्या डहाळ्या अंथरण्याची तेथे जुनी प्रथा आहे. पवित्र साक्रामेंताची वाट सुगंधी करण्यासाठी जे अंथरले जाते, ते एकेकाळी व्हीनसचे झुडूप होते!

आता आजच्या विज्ञानाचा कौल काय आहे? मर्टलच्या पानांतील तेलात सिनिओल नावाचे द्रव्य असते. आपल्या निलगिरीच्या तेलातील मुख्य द्रव्य हेच. जर्मनीत निलगिरी, संत्रे, लिंबू आणि मर्टल यांच्या तेलांपासून केलेले एक औषध छातीतील आणि नाकाजवळच्या पोकळ्यांतील कफ पातळ करण्यासाठी दिले जाते. १९७४ साली मर्टलच्या पानांतून एक जंतुनाशक द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि त्याला मर्टलवरूनच नाव मिळाले. इराणमध्ये तोंड येण्याच्या विकारावर मर्टलच्या लेपाची चाचणी ४५ रुग्णांवर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले आणि लेपाने वेदना व व्रण कमी झाल्याचे त्यात दिसले. चाचणी लहान आहे, तिच्यावरून मोठे दावे करता येणार नाहीत. तरी तोंडातील व्रणावर तुरट लेप हा उपाय जुन्या वैद्यांच्या सांगण्याशी जुळणारा आहे.

जुन्या यादीतील सारेच मात्र टिकलेले नाही. थुंकीतून रक्त पडत असेल, तर आज क्षयाची तपासणी करून घेतली पाहिजे, आणि क्षयावर खात्रीचे औषध आहे. विंचवाच्या दंशावर डायोस्कोरिडीसने सांगितलेला रस कोणी देऊ नये. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, आणि त्यामुळे असंख्य जीव वाचले. मर्टलचे किंवा निलगिरीचे शुद्ध तेल तान्ह्या मुलाच्या नाकाशी लावणे किंवा पोटात देणे धोक्याचे आहे. परंपरेचा मान राखणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक वाक्य डोळे मिटून मानणे नव्हे. कोर्दोबाच्या त्या मंडळींनीही ग्रंथ जसाच्या तसा मानला नाही. त्यांनी त्यातील प्रत्येक नाव तपासून घेतले. ज्याने ही हकिगत लिहिली त्या इब्न जुल्जुलने तर डायोस्कोरिडीसला ठाऊक नसलेल्या औषधांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

आपल्या देशात मर्टल आले ते मुख्यतः हकिमांबरोबर. युनानी वैद्यकात त्याच्या फळांना ‘हब्बुल आस’ म्हणतात आणि जुलाबावर त्यांचे सरबत देतात. ‘युनानी’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘ग्रीक’. हकीम ‘आस’ म्हणतात, तेव्हा सिरियाक ख्रिस्ती वैद्यांच्या तोंडचाच शब्द ते थोड्याशा फरकाने उच्चारीत असतात.

मर्टल आपल्या अंगणात नसले, तरी त्याचे भाऊबंद आहेत. जांभळाच्या सालीचा काढा गुळण्यांसाठी आणि पोट बिघडल्यावर वापरण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यामागेही तोच तुरटपणा आहे. अशी किती झाडे आपल्या आज्यांना ठाऊक होती! त्यांची नावे मात्र गावागावांत वेगळी. एका गावचा पाला दुसऱ्या गावी वेगळ्याच झाडाचा निघतो, आणि नाव सांगणारे माणूस गेले की झाड उभे असूनही निरुपयोगी होते. तेव्हा आमची वाचकांना एक विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी एखादे औषधी झाड सांगितले, तर नुसते नाव ऐकून थांबू नये. त्यांच्याबरोबर जाऊन ते झाड पाहावे, पान, फूल, फळ ओळखून घ्यावे, गावातले नाव वहीत लिहावे आणि जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून त्याचे शास्त्रीय नाव त्यापुढे लिहून घ्यावे. ते औषध घ्यावे की नाही हे डॉक्टर सांगतील. पण कोणते झाड हे सांगणारे माणूस आज घरात आहे, तोवरच हे काम होऊ शकते.